अक्काने सांगितलेली कामं

शेवटची भेट दसऱ्याच्या सुट्टीतली. जीपमधून माळावर उतरले, खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती, तोवर घराच्या कोपऱ्यावरून अक्काचा आवाज आला, "आलीस व्हय? बरं झालं. त्या घोंगड्या उन्हात टाक." प्रवास कसा झाला, पोरं काय करतात, जावईबापू का आले नाहीत, ही सगळी विचारपूस मग घोंगड्या झटकता झटकता झाली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घरामागे धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं, पुढे गुडघाभर गवताचा माळ वाऱ्याबरोबर एका अंगावर कलंडत होता. झटका देताना तिच्या हातांना आलेला कंप घोंगडीतून माझ्या बोटांपर्यंत पोचत होता. "अक्का, तू बस, मी करते," म्हटलं. "बसून काय करू?" ती म्हणाली... आणि पुढची घोंगडी उचलली. पौषात शिवराजचा फोन आला. "ताई, अक्का गेली," एवढंच बोलला. सकाळी गवत कापायला निघाली होती. विळा दाराच्या चौकटीला टेकवून उंबऱ्यावर बसली, ती उठली नाही. बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर अक्का उंबऱ्यावर बसली होती म्हणजे ती खरंच गेली.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्याने आत्या, पण वडील अक्का म्हणत म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो, आणि हुमनाबादकडच्या त्या पट्ट्यात तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही तिला अक्काच म्हणत. आमचं घराणं मेंढपाळांचं. माझे वडील शेतमजुरीकडे वळले. अक्का आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, कळपाबरोबर राहिले. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. सरकारने दूर सडकेला नवी वस्ती दिली, बरेचजण तिकडे गेले, काही कलबुर्गी, सोलापूर, हैदराबादला गेले. अक्काने मात्र पाणी आणि माळ यांच्यामधली, कुणालाच नको असलेली मुरमाड पट्टी धरली. तिचं म्हणणं साधं होतं. मेंढरांना चरायला माळ आणि प्यायला पाणी लागतं, दोन्ही इथे आहे, मग जायचं कशाला?

मी शाळकरी असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे जायची. दहावीनंतर वडील मला शाळेतून काढायला निघाले तेव्हा अक्का चिटगुप्प्याच्या बाजारातून थेट आमच्या घरी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मेंढरं राखायला मी हाय, रान बघायला तू हाईस. मग हिला कशाला ठेवून घ्यायलास? शिकू दे." वडील तिच्या शब्दाबाहेर नव्हते. आज मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी राहते तेव्हा कधी कधी वाटतं, त्या दिवशी बाजारात अक्काला कुणी बोलत थांबवलं असतं तर...

शिवराज तिचा एकुलता मुलगा, माझ्याहून लहान. नव्वदीनंतर आमच्याकडची पोरं जशी निघाली तसा तोही पुण्याला गेला. आधी गॅरेजमध्ये होता, मग प्रवासी गाड्या चालवू लागला. पुण्यामुंबईची कुटुंबं घेऊन तो कोकणात, महाबळेश्वरला जायचा. समुद्रकाठची छोटी कौलारू घरं, मागे कातळाचे उघडे सडे, दाराशी लावलेल्या पाट्या, हे सगळं तो आम्हाला डोळे मोठे करून सांगायचा. "ताई, लोक पैसे देऊन नुसतं पाणी बघत बसतात गं. आन् पाणी तर आपल्याबी दारात हाय."

मामा वारले त्या वर्षी शिवराजने दोन गोष्टी ठरवल्या. आई एकटी, माळावर लांडग्यांचा वावर, म्हणून कळप विकायचा, आणि त्या पैशात आईला पक्कं घर बांधून द्यायचं. हे त्याने पुण्यातून, वस्तीवरच्या किराणा दुकानातल्या फोनवर सांगितलं आणि व्यापारी पाठवून दिला. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण आमच्यात कळप विकायची एक रीत आहे. मेंढरांच्या वाड्याचं कुंपण एका जागी उघडायचं, घरच्या कर्त्याने त्या खिंडीत उभं राहायचं, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवायचा. हात न ठेवता मेंढरू जाऊ द्यायचं नाही, मग कितीही वेळ लागो. बाप गेल्यावर ते काम मुलाचं. शिवराज आला नाही, गाडीचा सीझन होता. अक्का एकटी खिंडीत उभी राहिली. वडील तिथे होते. ते सांगत, व्यापारी घाई करत होता, पण अक्काचा हात एकदाही घाईने उठला नाही.

त्यावर ती कुणाशी बोलली नाही. घर झालं, दोन खोल्यांचं, स्लॅबचं, पुढे-मागे ओसरी असलेलं. शिवराजने निळा रंग दिला आणि पुढच्या ओसरीवर मराठी आणि कानडीत पाटी रंगवून घेतली, 'पाहण्यासारखे : जलाशय, काळवीट, परदेशी पक्षी, सूर्यास्त.' त्याला वाटत होतं, बीदर-हैदराबादचे लोक सुट्टीला येऊन राहतील. अक्काला वाचता येत नव्हतं. तिने मला पाटी वाचायला लावली. ऐकून म्हणाली, "नुसतं बघायचं, बघायचं काय लावलंय? करायचं काय, त्ये लिही म्हणावं की."

पर्यटक तसे थोडेच आले. जे आले त्यांना अक्काने कामाला लावलं. एकदा हैदराबादचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या गृहस्थांनी खुर्चीतून विचारलं, "अम्मा, इधर देखने को क्या है?" अक्का दखनीत म्हणाली, "देखना-वेखना नक्को मियाँ, ये रस्सी पकडो." आणि पाण्यात उतरून अडकलेली शेजाऱ्याची म्हैस ओढून काढायला त्यांना लावलं. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले ते साहेब संध्याकाळी सगळ्या घराला ती हकीगत पुन्हा पुन्हा सांगत होते. पुढच्या वर्षी ते मेहुण्याला घेऊन आले.

आम्ही नातेवाईक मात्र दर सुट्टीला जायचो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात आराम होता. सोलापुरात त्यांचं सगळं आयुष्य घरकामात गेलेलं. चहा संपतो न संपतो तोच अक्काने त्यांच्यापुढे सूप ठेवलं. सासूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "अगं, सुट्टीला आलोय ना आपण?" अक्काच्या कानांना ते ऐकू गेलंच. "व्हय की विहीणबाई, सुट्टी हाय म्हून तर सांगायले. न्हाईतर तुमाला कुठनं येळ मिळायचा?" सासूबाईंना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का त्यांना गवत आणायला घेऊन गेली. थंडीचे दिवस होते. उजाडल्यावर त्या परतल्या. डोक्यावर गवताचा भारा, पदरात कुसळं. भारा उतरवून म्हणाल्या, "पाणी उठलं गं सगळं..." दूर उत्तरेकडून हिवाळ्याला येणारे राखाडी हंस रात्री काठावर उतरतात. ते एकदम उठले होते. सासूबाईंना आधी कळलंच नाही की हे पक्षी आहेत. पाण्याची कडाच उचलली गेली आणि आभाळात गेली, असं त्यांना वाटलं. "आणि ही तुझी अक्का, खाली वाकून गवत कापतेय. मला म्हणते, बघा की, पण विळा चालू ठेवून बघा."

विळा चालू ठेवून बघा. मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण जग कसं बघावं हे मला इतक्या नेमक्या शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. अक्काकडे काम मिळणं म्हणजे घरात घेतलं जाणं होतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की ओल्या गाळात हरभरा आणि काकडी टाकायला जायचं, माळावरून तरवडाच्या काटक्या आणायच्या, बोरं वेचायची, संध्याकाळी टेकाडावर चढून परक्या कळपातलं चुकलेलं कोकरू दिसतं का पाहायचं. अक्का तिथे उभी राहून मेंढपाळाची लांब हाळी द्यायची. तिचा स्वतःचा कळप केव्हाच गेलेला होता, तरी दूरवरच्या दुसऱ्यांच्या कळपातली मेंढरं माना वर करायची. एकदा त्या हाळीसरशी गवतातून काळवीट उधळले आणि आमच्या समोरून, जमिनीला पाय लावायची गरजच नसल्यासारखे, उड्या घेत गेले. माझ्या अंगावर काटा आला. आजही ते लिहिताना येतो.

या सगळ्यात एका माणसाला मात्र अक्काने कधी काम सांगितलं नाही. शिवराज यायचा तेव्हा ती नवी घोंगडी अंथरायची, पायांवर घ्यायला पाणी द्यायची, ताट वाढून समोर ठेवायची. पुढे बायकोमुलं घेऊन आला तर सून चुलीपाशी, नातवंडं कोंबड्यांमागे, आणि शिवराज घोंगडीवर. घरच्या माणसाला अक्का कधी पाणी देत नसे, रांजण दाखवत असे. शिवराजला सुरुवातीला ते कौतुक वाटलं. पुण्याहून आलेला मुलगा म्हणून आई लाड करते, असं तो समजला. मग एका दिवाळीत माझे यजमान आडावरून पाणी ओढत होते, सासूबाई शेंगा फोडत होत्या, मी चूल सारवत होते, आणि तो मधेच उठून म्हणाला, "अक्का, मलाबी काहीतरी सांग की." अक्का म्हणाली, "तू बस बाबा. दमून आलायस. पावण्याला काम सांगू व्हय?" आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. शिवराजचा चेहरा उतरला. रात्री जेवताना तो मला म्हणाला, "ताई, माझं घर मीच बांधलं आन् माझ्याच घरात मी पावणा झालो. कामून?" मी त्याला खिंडीत न ठेवलेल्या हाताबद्दल सांगितलं. त्याने भाकरी ताटात ठेवली. "मला कळलंच न्हाई गं," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो माफी मागेल, असं मला वाटत होतं. मागितलीही असेल. पण अक्काची घोंगडी अंथरली जातच राहिली. तो वर्षातून एकदा येणारा दोनदा येऊ लागला, तरी घोंगडी होतीच.

मग पाऊस दगा देऊन गेला त्या वर्षीचा उन्हाळा आला. एरवी वैशाखात पाणी उतरलं की जुन्या गावातल्या बिरप्पाच्या देवळाचा चौथरा तेवढा उघडा पडायचा आणि तिथे पूजा व्हायची. त्या वर्षी अख्खं गाव वर आलं. मागच्या ओसरीतून सकाळी पाहिलं आणि मी खांब धरून उभी राहिले. जिथे आम्ही वर्षानुवर्षं लाटा पाहिल्या तिथे गल्ल्या होत्या. भिंती नव्हत्या, पण पाये होते, उंबऱ्यांचे दगड होते, वाळून भेगाळलेल्या गाळात घरांची रांगोळी काढल्यासारखी दिसत होती. त्या गावची एक रीत आहे. गाव वर आलं की बिरप्पाच्या पूजेआधी ज्याने त्याने आपापलं अंगण झाडायचं. जिथे जिथे गेले होते तिथून लोक टेंपोने, बसने येत होते. प्रत्येकाच्या हातात खराटा. पांढऱ्या केसांची माणसं आपापल्या नसलेल्या घरापुढे वाकून गाळ झाडत होती, आणि झाडल्यावर तिथेच बसून भाकरी सोडत होती. मी अशी भक्ती कुठल्या मोठ्या देवळात पाहिलेली नाही.

अक्काने सासूबाईंना, मला, सुनेला खराटे दिले. शिवराजला दिला नाही. आम्ही उतरून अंगणापाशी पोचलो आणि कामाला लागलो. थोड्या वेळाने पाहते तर शिवराज घराकडून उतरत होता, तरवडाच्या फांद्या एकत्र बांधून हातात घेतलेल्या. गाव सोडलं तेव्हा तो लहान होता. त्याच्या आठवणीतलं घर शाळेच्या वाटेवरून आल्यावर उजव्या हाताला होतं. आता तो उलट बाजूने, माळाकडून येत होता. उजवं-डावं झालं, आणि तो आमच्या समोरच्या अंगणात शिरून मान खाली घालून झाडू लागला. मी हाक मारणार तोच अक्काने माझं मनगट धरलं. "झाडू दे."

त्याने ते अंगण फार मन लावून झाडलं. गाळाचे पापुद्रे हातांनी उचलून बाहेर टाकले, उंबऱ्याचा दगड फांदीने घासून काढला. शर्ट भिजला होता. तेवढ्यात त्या घराचे मालक, मलप्पाअण्णा, लेकीसुनांसह कलबुर्गीहून पोचले आणि आपल्या अंगणातला माणूस पाहून थबकले.

"कोण रं तू? काय करायलास?"

"अण्णा, मी शिवराज. आमचं अंगण झाडायलोय."

"तुमचं?" मलप्पाअण्णांनी काठी उंबऱ्यावर टेकवली. "बाळा, ह्या उंबऱ्यावर माझी आई मला तेल लावायची. तुमचं त्ये पलीकडं, जिथं तुझी आई उभी हाय, तमाशा बघायलीय."

सगळी गल्ली हसली. शिवराज वळला, आम्हाला पाहिलं आणि मटकन उंबऱ्यावर बसला. मलप्पाअण्णा म्हणाले, "आता बसलास ते बरं झालं. दुसऱ्याचं अंगण झाडलं की त्याच्याकडं जेवायचं, ही गावाची रीत हाय. पाय धू." आणि त्यांच्या सुनेने धपाटी आणि चटणी काढून त्याला खरंच वाढलं. तो खाली मान घालून खात होता. त्याचे डोळे भरलेले होते, हे आम्हाला इकडून दिसत होतं.

अक्काने खराटा खाली ठेवला. गल्ली ओलांडून ती त्या घरापुढे गेली आणि जिथे कधीकाळी दार असावं तिथे थांबली. दार नव्हतं, भिंत नव्हती, तरी ती हाक दिल्याशिवाय आत गेली नाही.

"मलप्पाअण्णा, आमचं पोरगं तुमच्यात आलंय काय?"

"आलंय की. लई चांगलं झाडतंय. ठेवून घ्यावं म्हणायलोय."

"न्हाई जमायचं," अक्का म्हणाली. "आमच्या घरी मोप काम पडलंय. द्या माघारी."

तिने नंतर हात पुढे केला नाही, त्याच्या पाठीवरून फिरवलाही नाही. ती वळली आणि चालू लागली. शिवराज उठला, हात पुसत तिच्या मागे आला, आणि अंगणात पाय ठेवताच तिने खाली ठेवलेला खराटा बोटाने दाखवला. "त्यो कोपरा राहिलाय." बस. माझ्या सासूबाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागल्या. मी त्या माळावर, त्या पाण्यावर पुष्कळ अद्भुत पाहिलं होतं, पण पडक्या गावात, नसलेल्या दारात उभी राहून आपला मुलगा परत मागणारी ती ठेंगणी बाई मला या सगळ्यापेक्षा मोठी दिसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा आवाज आला, "शिवा, ऊठ. पाण्याला जा." केस पांढरे व्हायला लागलेला माणूस शाळकरी पोरासारखा ताडकन उठला आणि कळशी घेऊन अनवाणी निघाला. त्या दिवसापासून त्याला उसंत मिळाली नाही. पुढे चारपाच वर्षांनी पुण्याची गाडी विकून तो कायमचाच इकडे आला. मिळतील तशा मेंढ्या घेऊ लागला. पहिल्या मेंढीच्या पाठीवर त्याने हात ठेवला तेव्हा अक्का त्याच्या शेजारी उभी होती.

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. तेराव्याला आम्ही सगळे जमलो होतो आणि कुणी कुणाला न सांगता दिवसभर राबत होतो. परवा पहाटे शिवराजचा फोन आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही न्हाई ताई. जाग आली. बसलोय ओसरीवर." मग म्हणाला, "काम सांगायला कुणी न्हाई गं."

मी म्हटलं, "शिवा, पाणी कुठवर सरलंय बघून ये बरं. मला सांग."

"आत्ता?"

"मग केव्हा? ऊठ."

फोन त्याने बंद केला नाही, खिशात टाकला असावा. सोलापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात मला माळावरचा वारा ऐकू येऊ लागला, आणि त्या वाऱ्यात मुरमावरून उतरत जाणारी त्याची पावलं.